समेटकाकांना माफी चालत नव्हती

दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं कळलं की समेटकाकांना घास गोड लागत नसे. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण मारेगावात ते पोस्टमनलाही आठवत नसे. दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले, आमच्या वीसेक घरांच्या चर्चच्या पंचांपैकी एक, आणि माझे घरमालक. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, आणि मनात अढी ठेवून त्याला बसायचं नाही असा नियम. आदल्या दिवशी काका सायकल काढत आणि पोलिओचे थेंब द्यायला निघाल्यासारखे घरोघर विचारत फिरत, "कोणाचा कोणाशी अबोला हाय का?"

सापडला की मग विचारूच नका. दोन जावांचं नाताळच्या पडद्याच्या रंगावरून बिनसलं होतं आणि वर्षभर त्या एकमेकींकडे पाठ करून गाणी म्हणत होत्या. काकांनी दोघींना चर्चसाठी एक मोठी गोधडी शिवायला बसवलं आणि सुई एकच दिली. तिसऱ्या दिवशी दोघी बोलायला लागल्या. बोलल्या ते बहुतेक काकांविषयीच, आणि त्यातलं काही चांगलं नव्हतं, पण समेट झाला तो झाला. "मी माफ केलं, पण त्याच्या दारात जाणार नाही," असं कोणी म्हणालं की काका म्हणत, "मंग ते माफ करणं नाही, ते रजेवर जाणं हाय."

दुःखाच्या घरी मात्र हेच बडबडे काका तोंड मिटून बसत. ती बोंडअळीची वर्षं. कापसाच्या आमच्या मुलखात अशा घरांना तोटा नव्हता. कोणी शहाणा देवाची इच्छा समजावून सांगायला लागला की काका त्याला हाताला धरून बाहेर नेत. "देवानं तुमाले सांगून केलं का?" एवढंच विचारत. मग आत येऊन बाईला विचारत, पाणी भरलं का, आणि नसेल तर स्वतः कळशी उचलत. मला त्यांचं हे फार आवडायचं. इतर वेळी त्यांचा मला वैतागच यायचा, खोटं कशाला बोलू.

अशा माणसाच्या हातून घडायचं ते घडलं. झरीकडच्या रस्त्याला काकांचं थोडं शेत होतं. तिथे जवळच्या कोलामपोडातला, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतला, सोमा काम करायचा. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही हटत नव्हती. दोन वेगवेगळी औषधं एकत्र कालवली की एकाच फेरीत काम होईल, असं काकांच्या डोक्यात आलं. आयुष्यभर दवाखान्यात मापानं औषधं कालवलेला माणूस! त्यांनी स्वतः बादलीत काठी फिरवली आणि पंप सोमाच्या पाठीवर चढवला. तोंडाला काही नाही का, असं सोमानं विचारलं तर म्हणाले, रुमाल बांध, झालं. वारा उलटा होता. संध्याकाळी सोमाला ओकाऱ्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यातून तो वाचून आला, पण एक डोळा गेला आणि दुसऱ्यानं फक्त उजेड-अंधार कळू लागला.

सोमानं काकांना तिथेच, खाटेवर पडल्या पडल्या माफ केलं. मी समोर होते. "जाऊ द्या काका, तुम्ही का जाणून केलं?" एवढंच तो म्हणाला आणि कुशीवर वळला. इतक्या सोप्या माफीची काकांना सवय नव्हती. ना गोधडी, ना सुई. त्यांना ती पटलीच नाही.

मग काकांनी स्वतःला शिक्षा करायचा जो सपाटा लावला, तो बघवत नव्हता. जमिनीवर झोपायला लागले. भाजीत मीठ घालेनात. चर्चमध्ये पापांची कबुली झाली की पास्टरसाहेब देवाच्या क्षमेचे शब्द म्हणत. नेमके तेव्हाच काका उठून बाहेरच्या सायकली सरळ लावायला जात. पास्टरसाहेबांनी त्यांना गाठून सांगितलं, काका, प्रभूनं माफ केलं आहे. काका म्हणाले, "प्रभूनं केलं असंल. पण डोळे प्रभूचे नाही गेले." दोघी जावाही समजूत घालायला आल्या होत्या. त्यांना काकांनी अशी उत्तरं दिली की जावांची आपसातली एकी आणखी पक्की झाली.

दर शनिवारी मात्र काका पोडावर जायचे. सोमाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, तांदूळ ठेवायचे, परसातली लाकडं फोडायचे, आणि निघताना त्याचा हात धरून रडायचे. दीड वर्षात एक शनिवार चुकला नाही. आमच्याकडे लोक भारावून म्हणायचे, काय माणूस आहे! मीही म्हणायचे.

एकदा मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती आणि मला टोपली हवी होती, म्हणून मीही गेले. सोमा आता हाताच्या अंदाजानं बांबूच्या टोपल्या विणायचा, आणि सुरेख विणायचा. त्याच्या बायकोनं, जंगूबाईनं, कोऱ्या चहाचे दोन पेले पुढे ठेवले. मी उचलला. काका हात जोडून म्हणाले, नको. जंगूबाईनं पेला मुकाट्यानं मागे घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईनं तरी घेतला. काका दीड वर्षापासून येऊन राह्यले, पण आमच्या घरच्या पाण्याले हात नाही लावत. आम्ही कोलाम. आम्हाले समजते."

काका पांढरेफटक पडले. ज्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, ज्यांच्या घराण्यानं त्याच अपमानापायी येशूचा रस्ता धरला, त्या माणसाला हे ऐकावं लागलं! ते घाईघाईनं सांगू लागले, तसं नाही जंगूबाई, मी नवस केल्यासारखं केलं होतं. या घराचं मी वाटोळं केलं, इथला घोट घ्यायची माझी लायकी नाही, म्हणून घेत नव्हतो.

सोमा इतका वेळ विणत होता. त्यानं टोपली बाजूला ठेवली.

"काका, मी तुमाले दवाखान्यातच माफ केलतं. तुम्ही ते कधी घ्याल याची तवापासून वाट पाहून राह्यलो. तुम्ही दर शनवारी येता, माझ्या डोळ्यापाशी रडता, मी तुमची समजूत काढतो. मंग आठवडाभर मले तेच ते आठवते. माफ करून मी मोकळा झालो असतो. तुम्ही होऊ देत नाही." मग अगदी शांतपणे म्हणाला, "चहा घ्या. नाही तं पुढच्या शनवारी येऊ नका."

ते घर तुटलं असतं तर काका जगले नसते, हे मला ठाऊक होतं. आणि तो पेला उचलणं त्यांना किती जड होतं हेही दिसत होतं. मग जंगूबाईच्या हातातून त्यांनी तो घेतला. अर्धा सदऱ्यावर सांडला. उरलेला त्यांनी संपवला, नाक पुसलं आणि म्हणाले, "जंगूबाई, साखर कमी हाय."

जंगूबाई खळखळून हसली. सोमाही हसला. मला मात्र रडू कोसळलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या दिवशीच्या परतीच्या एस.टी.तले. गाडी सुटली आणि पाच मिनिटांत काका झोपले, तोंड उघडं टाकून, शांत. दीड वर्षात मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मारेगाव आलं. मला उठवायचा धीर झाला नाही. गाडी पुढे निघाली आणि कंडक्टरनं आम्हाला नावं ठेवत पुढच्या फाट्यावर उतरवलं.

भर उन्हात परत चालत यायचं होतं, आणि काकांचे गुडघे दुखरे. मी म्हणाले, काका, चुकलं माझं, उठवायला हवं होतं. ते म्हणाले, असू द्या. पण मला राहवेना. मी म्हटलं, तसं नव्हे, तुम्ही इतके गाढ झोपला होता, मला वाटलं की जरा वेळ...

काका थांबले. "माफ केलं नं बाई," ते म्हणाले. "आता घ्या नं मुकाट्यानं."