काशीहून आलेली सवत

आमच्या घरात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. शेजारपाजारचे पुरुष निदान ‘आमची ही’ म्हणायचे. आमच्यात मोठ्यांपुढं तेवढीही जवळीक दाखवायची नाही, म्हणून नुसतं ‘ती’. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ‘ती’ म्हणायची कुणाची छाती नव्हती आणि नणंदा आपापल्या घरी गेलेल्या. त्यामुळं लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून घरातली एकुलती एक ‘ती’ मीच होते. मग हे विजेची पदवी घ्यायला काशीला गेले आणि माझं तेवढं मानाचं पदही धोक्यात आलं.

काशी म्हटल्यावर लोकांना पोथ्याच सुचायच्या. पोरगा तिथं विजेचं शिकतोय असं आत्याबाई अभिमानानं सांगायच्या, तर समोरची बाई विचारायची, त्यासाठी इतक्या लांब कशाला, ती तर वळवाच्या पावसात आपणहून येते. सगळ्या हसायच्या. मला काही हसू येत नसे. गिरणीचा भोंगा झाला की आळीतल्या बायकांचे नवरे घरी यायचे. माझा यायचा तो उन्हाळ्याच्या सुटीत, आणि आला तरी पुस्तकात डोकं घालून बसायचा.

अशाच एका सुटीत हे सोप्यात शाळेतल्या एका मित्राशी बोलत बसले होते. मी दाराआड तांदूळ निवडत होते. ह्यांचा आवाज आला, “ती डोळ्याला दिसत न्हाय, पण तिच्याशिवाय सगळं अडतंय. तिला समजून घ्यायला लई वेळ द्यावा लागतो.”

माझा हात सुपातच थांबला. माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात मित्रानं विचारलं, भीती नाही वाटत? हे म्हणाले, “वाटते की. परवा प्रयोगशाळेत तिनं धरलं होतं मला. दंडाला अजून आठवतंय.”

सूप कलंडलं. प्रयोगशाळा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. काशीत धर्मशाळा पुष्कळ असतात एवढं ऐकून होते, तेव्हा ही त्यातलीच एखादी असणार. आणि तिथं कोणीतरी बाई माझ्या नवऱ्याचा दंड धरते, आणि हे ते मित्राला हसत हसत सांगतात!

मी अबोला धरला. पण दिवसा नवराबायकोनं बोलायची रीतच नव्हती, त्यामुळं तो कुणाच्या लक्षातही आला नाही. शेवटी माळवदावर कुरडया वाळत घालायला गेले तेव्हा हे तिथं सावलीत आकृत्या काढत बसलेले सापडले. मी सरळ विचारलं, ती कोण? आधी ह्यांना कळेचना. कळलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, वीज ती. दुसरी कोण असणार?”

खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. बाई असती तर तिचं नाक नकटं निघालं असतं, तिच्या हातची भाकरी जाड निघाली असती. हिच्यात मी काय खोट काढणार? हे वहीतल्या रेघा दाखवून मला समजावत होते. जिथं विरोध कमी, तिथनं ती जाते. बारीक तारेनं विरोध केला की ती तार तापते आणि उजेड पडतो. मनात म्हटलं, तापते तर मीही, रोजच तापते, माझा कुणाला उजेड दिसत नाही. त्या रेघांवरून ह्यांचं बोट इतक्या हळुवार फिरत होतं की मला ते बघवेना. हेवा वाटला मला. भयंकर हेवा वाटला.

शेवटची परीक्षा देऊन आले ते नवीनच वेड घेऊन. घाटात पाणी पाडून वीज काढतात, तिथं नोकरी मिळण्यासारखी होती. बिऱ्हाड मात्र नेता येणार नव्हतं. ती जन्मते तिथं जायचंय, असं मामंजींना सांगताना ह्यांचा चेहरा नुकतं लग्न ठरल्यासारखा झाला होता. इकडं सोलापुरातल्या गिरणीनंही आपल्या वीजघरासाठी विचारलं होतं. मी पदरात काय पडतंय याची वाट बघत भाकऱ्या थापत राहिले.

निकाल लागला, पदवी मिळाली, आणि हे गिरणीत राहतो म्हणाले. घरात पेढे वाटले. माझ्या घशाखाली तो पेढा उतरेना, कारण त्याच महिन्यात गिरणीत विजेचं नवंकोरं यंत्र आलं होतं आणि हे रोज त्याचं कौतुक सांगत होते. हे राहिले ते कुणासाठी? माझ्यासाठी की तिच्यासाठी? विचारायची सोय नव्हती.

मग ती घरातच आली. हौसेनं ह्यांनी स्वतः तारा ओढल्या. दिवेलागणीला आत्याबाईंनी बटणाला हळदकुंकू वाहिलं आणि तबक माझ्या हाती दिलं. म्हणाल्या, नव्या लक्ष्मीला ओवाळ. सवतीला मी स्वतः ओवाळलं. दिवा लागला तसे सगळ्यांचे हात जुळले. लग्नापासून मी रोज लावत आले होते ती समई कोनाड्यात गेली, तिच्याकडं कुणी पाहिलंही नाही.

चारदोन दिवसांनी सगळे जेवायला बसलेले असताना दिवा गेला. एकदम अंधार. मी चाचपडत कोनाड्यापाशी गेले आणि समई घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

“ती कुटं गेली?” ह्यांचा आवाज आला.

“गेली की,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “येईल आत्ता. तुझ्याच तारंत काय तर झालं असंल.”

“ती न्हवं, आई. ही. आमची ही कुटं हाय?”

आत्याबाईंना ठसका लागला. माझ्या एका हातात समई होती, दुसऱ्या हातात काड्यांची पेटी. मी काडी ओढली नाही. म्हटलं, आणखी एकदा विचारू दे.