नुसता गूळ

ही गोष्ट मी कुणापाशीच बोलले न्हाई. वकीलबाईपाशी न्हाई, सासरी नांदणाऱ्या बहिणीपाशी न्हाई. देवापुढं हात जोडते तवा बी दुसरंच कायतरी पुटपुटते. तुमी वळखीचे न्हाई, म्हणून जीभ उचलती — न्हाईतर मी कसली बोलते?

लोहगडवाडीत आमची टपरी हाये. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर पाय ठेवायला जागा नसती. पिठलं-भाकरी मी करायची, आबा — माजे वडील — पाट्यावर ठेचा वाटायचे. आन पाण्याचे बॉक्स, कणसांची पोती खांद्यावर मारून पायऱ्यांनी वर न्यायचा माजा थोरला भाऊ, दादा.

दादाला डोक्याचा आजार. कानात कुणीतरी बोलायचं — घरचे तुला इख घालणार हायेत म्हणून. तळेगावच्या डॉक्टरनं गोळी दिली, तसा तो आवाज गेला, दादा माणसात आला. गोळी कडू, म्हणून मी ती गुळाच्या खड्यात दाबून द्यायची. जेवण झालं की हात पुढं, "दे गं बाये माजा खडा." बघायचा सुदिक न्हाई, गिळून मोकळा.

पण गोळीनं अंग जड व्हायचं त्याचं. दुपारपतूर लोळायचा. आन ऐन गर्दीत वजन उचलायला दुसरा माणूस कुटनं आणायचा? मंग मी काय केलं — सांगते, थांबा जरा — गुरवारपासनं मी त्याला नुसता गूळ द्यायला लागले. आत काय न्हाई. सोमवारी परत गोळी. लय शाणी ना मी! दोन पावसाळे असेच काढले. दादा मरमर राबला, आन काय सुदिक झालं न्हाई.

तिसऱ्या पावसाळ्यात सुट्ट्या जोडून आल्या, गर्दी हटंना. सलग दहा दिस मी गोळी दिली न्हाई. नवव्या दिशी दादा चहाचा कप हुंगत बसला होता. मी बघितलं. बघितलं न्हाई असं मी म्हणणार न्हाई. कळलं बी मला, चांगलं कळलं. म्हणलं, एवढा रविवार निघू दे.

रविवारी भर दुपारी, टपरीत गिऱ्हाईक बसलेलं असताना, आबांनी त्याच्या म्होरं चहा ठेवला. दादानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आन आबांच्या डोक्यात घातला. आबा परत उठले न्हाईत.

पोलिसांनी इचारलं, औषध चालू होतं का? माज्या तोंडातनं आलं, "व्हय साहेब, रोज." लगेच घरात जाऊन उरलेल्या दहा गोळ्या पाकिटातनं काढल्या, चुलीत टाकल्या. मोजून दहाच काढल्या, दहा दिसांच्या दहा. भ्याले होते मी. वाडीत तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात. बाप अंगणात झाकून ठेवलेला, आन मला माज्या तोंडाची पडलेली.

पुण्याच्या कोर्टात साक्षीच्या आधी दादाच्या वकीलबाईनं मला बाजूला घेतलं. "ताई, गोळ्या चुकल्या असतील तर आत्ता सांगा. तेवढ्यावर तुमच्या भावाची शिक्षा टळेल, जेलऐवजी दवाखान्यात जाईल तो." किती सोपं करून सांगितलं बाईनं! आन मी शपथ घेऊन म्हणलं, "एक दिस चुकला न्हाई."

औषध चालू होतं, म्हंजी त्याला समजत होतं, असं कोर्टानं धरलं. जन्मठेप झाली. वाडीतली माणसं म्हणाली, पोरीनं भावाचं लय केलं.

आता जेलात त्याला रोज गोळी मिळती. दादा शाणा झालाय, माज्यापरीस शाणा. मागं वकीलबाईनं वरच्या कोर्टात अपील करायचा कागद दिला, तो सहीला घेऊन मी भेटायला गेलते. दादानं कागद वाचला. मंग म्हणला, "बाये, येडाच्या भरात झालं असं हितं लिवलंय. पण तू तर रोज खडा द्यायचीस. गोळी पोटात असताना मी आबांना मारलं — म्हंजी आजारानं न्हाई, मीच मारलं. मी मुळातच तसला." जाळीपलीकडनं बघत राह्यला माज्याकडं. "रोज देत होतीस ना गं?"

तवा बी बोलता आलं असतं. तो इचारत होता, मागं शिपाई उभा होता, आन मला फकस्त न्हाई म्हणायचं होतं.

मी म्हणलं, "व्हय दादा. रोज."

त्यानं सही केली न्हाई. कागदाची घडी करून परत दिली, म्हणला, "जपून जा, पायऱ्या निसरड्या असतील. आन वजनं तू उचलू नको."