पहिल्या पानावर आणायचं कोणी?

एकाच कामाला तीन माणसं लागली की काम राहतं बाजूला, किस्से तेवढे साठतात. डहाणूच्या आमच्या ऑफिसात तिघंच होतो. मी वेबसाइटचा मजकूर लिहायचो, गुजराती वळणाचं मराठी बोलणारी जागृती डिझाइन करायची, नीलेश कोडिंग. २०१६ साली गंजाडच्या राऊतकाकांनी चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. त्यांची एकच अट: "दिवाळीच्या आत सर्चमध्ये पहिल्या पानावर दिसलो पाहिजे. नाहीतर खोल्यांत गवत भरतो!"

ते काम नक्की कोणाचं, हे मात्र ठरलंच नाही.

*

कोणीतरी मला सांगितलं, 'चिकू' हा शब्द भरपूर वेळा यायला हवा. मी सढळ हाताने घातला. काकांनी वाचलं. "अरे, आमच्याकडे भातपण मिळतो. तेवढं लिही!"

*

जागृतीने नाव, पत्ता, फोन सगळं एका देखण्या चित्रात बसवलं. नीलेश म्हणाला, "सर्चला चित्रातलं वाचता येत नाही."

"तर शिकव ने त्याला! कोडिंग तुझं काम."

*

महिना गेला, साइट कुठेच दिसेना. जागृती माझ्या मजकुराला नावं ठेवी, मी तिच्या चित्रांना. शेवटी कळलं, काम अर्धवट असताना कोणी बघू नये म्हणून नीलेशने सर्चला 'इकडे फिरकू नको' अशी सूचना दिली होती, ती काढायची राहिली.

"काढ म्हणून कोणी सांगितलंच नाही," नीलेश म्हणाला.

"आणि घाल म्हणून कोणी सांगितलं होतं?"

तो चहा सांगायला गेला.

*

काका तलासरीच्या बाजारात भेटेल त्याला म्हणायचे, "फोन काढ, माझी वाडी शोध." भाजीवाली म्हणाली, "काका, तुम्ही समोर उभे. शोधू कशाला?"

*

दिवाळीत साइट पहिल्या पानावर आली. पाहुणेही निघाले, पण सरळ वाडीवर एकही गाडी पोचेना. नकाशावर पिन लावायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं. वाडीत रेंज नाही, म्हणून फाट्यावर, रेंज मिळते तिथे उभं राहून त्यांनी पिन लावली होती!

फाट्यावर घर त्यांच्या धाकट्या भावाचं. वाटणीपासून दोघांत बोलणं बंद. आता सगळ्या गाड्या त्याच्या अंगणात. तो पाहुण्यांना पाणी द्यायचा, पुढे स्कूटर घालून वाडीच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि तिथूनच मागे वळायचा. एके दिवशी काकू फाटकात येऊन म्हणाल्या, "भावजी, जेवून जा." तो जेवला. काकांनीच वाढलं म्हणे.

नीलेशने उत्साहाने फोन लावला, "काका, चूक सापडली! पिन लगेच वाडीवर आणतो."

"हात लावू नकोस तिला."