पाचही डब्या

आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला त्या भागात सगळे ‘डबीवाली’ म्हणत. बावीस वर्षं तिनं लसी टोचल्या, जखमा बांधल्या. नाव पडलं ते मात्र गेल्या वर्षभरात वाटलेल्या डब्यांवरून. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकानं डबीतल्या काडीला घरच्या घरी शौचाचा कण लावून द्यायचा, एवढंच काम. सुई नाही, नळी नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडलं, तर आतड्याचा कर्करोग वेळेत पकडता येतो. पण लोकांनी तिला जेरीस आणलं होतं. कुणी नाक मुरडायचं, कुणी डबीत टाचण्या ठेवायचं. एकीनं तर डबी घासूनपुसून परत केली, घाण कशी द्यायची म्हणून.

सगळ्यांत हट्टी निघाला तो तिचा सख्खा थोरला भाऊ. त्याचा खुर्च्यांचा कारखाना होता. तो आणि चार जुने सुतार, सगळे साठीला टेकलेले. तीन महिने तिनं तिथे खेटे घातले. शेवटी भावानं पाचही डब्या नावं घालून एकदम तिच्या हातात ठेवल्या, तेव्हा तिला भरूनच आलं. त्या भरून येण्याची पुढे तिला फार चीड आली.

कारण निकाल आला तो असा, की पाचही डब्यांत रक्त. एकाच कारखान्यातल्या पाचही जणांना? तिला पटेना. ती तडक तिथे गेली आणि एकेकाला फैलावर घेतलं. शेवटी त्या चौघांतल्या पॉलिशवाल्या म्हाताऱ्यानं खाली बघत कबूल केलं. एकानं साचा करायचा आणि बाकीच्यांनी त्यावरून खुर्चीचे पाय कापायचे, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. डब्यांचंही त्यांनी तसंच उरकलं होतं. एकाचंच पाचांत.

तिनं कपाळावर हात मारला. कुणाचं, म्हणून विचारलं तर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. ती संतापली. रक्त दिसलं म्हणजे कर्करोगच असं नाही, पण दुर्बिणीनं आतडं बघायलाच हवं, आणि ते कुणाचं बघायचं हेच ठाऊक नाही, असं तिनं चढ्या आवाजात सुनावलं. मग पिशवीतून पाच नव्या डब्या काढून पाटावर आपटल्या. चौघांनी मुकाट्यानं एकेक उचलली. भाऊ रंधा मारत राहिला.

“दादा, तुझी घे.”

“माझ्या पाच आहेत की तुझ्याकडे,” तो रंध्यावरची नजर न काढता म्हणाला.

पाचवी डबी तिनं पिशवीत परत टाकली. गुरुवारी नऊला दुर्बिणीच्या तपासणीला न्यायला येते, तयार राहा, एवढंच तिनं सांगितलं. या वेळी तो नाही म्हणाला नाही.