बर्फवाल्याचे बूट

त्या बंदराच्या शहरात पाहण्यासारखं काही नाही, असं लोक म्हणाले म्हणूनच मी तिथे गेले. पाहण्यासारखं असलं की दाखवायला माणसं येतात आणि डोकं खातात. इथे आपलं सकाळी उठावं, अंगाला चिकटलेले कपडे सोडवावेत आणि पाय नेतील तिकडे जावं. हवा इतकी दमट की मीठ चमच्याने खरवडावं लागे, आणि काडी पेटेपर्यंत हातातली अर्धी आगपेटी संपे.

अशा शहरात, भर दुपारी, समुद्राकाठच्या रस्त्यावर मला एक माणूस दिसला. अंगात बनियन, मानेवरून घामाच्या धारा, आणि पायांत गुडघ्याशी येणारे, आतून लोकर लावलेले, बर्फात घालायचे बूट. धप धप करत तो दीपगृहापर्यंत गेला, वळला, परत आला.

"काय बर्फवाले, आज किती पडला?" न्हाव्याने दुकानातून आवाज दिला.

"तुझ्या टकलावर साचेल तेव्हा मोजू," तो न थांबता म्हणाला.

वेडा असेल, म्हणून मी सोडून दिलं. पण दोन दिवसांनी माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि शोधत गेले ते दुकान नेमकं त्याचंच निघालं. पुढे हातभर दुकान, मागे पडद्याआड घर.

"ते बूट कसले हो?" मी सरळ विचारलं. आडून आडून विचारणं मला जमत नाही.

"धाकट्याकडे जायचंय ना, ताई."

धाकटा भाऊ थंड देशात होता. जाताना सांगून गेला होता की दादा, जम बसला की तुला बोलावतो, तिथे हातशिलाईच्या बुटांना मान आहे. ह्याने त्याच आठवड्यात कातडं आणून स्वतःसाठी बूट शिवले. इथल्या हवेत कातडं कपाटात ठेवलं की त्यावर हिरवी बुरशी चढते, आणि पायात घातलं नाही तर त्याचं लाकूड होतं. म्हणून दर रविवारी बूट चढवून फेरी. धाकट्याचा जम बसत होता, बसत होता, आणि ह्याचे केस पांढरे झाले.

"बुटांनी तरी किती वर्षं बर्फ शोधायचा?" पडद्याआडून बायको म्हणाली.

"तू गप्प बस. येतोय तो. न्यायलाच येतोय, नाहीतर एवढ्या लांब उगाच कोण येतं?" मग माझ्याकडे वळून, "नवं काम घेत नाही आता. तुमची तेवढी चप्पल करून देतो."

दिली मात्र नाही. पुढच्या आठवड्यात मी तगादा लावायला गेले, तर धाकटा आलेला. गोल गरगरीत, एका हाताने वारा घेत बसलेला. लहानपणी दोघं भाऊ एकाच जोडात शाळेला जायचे, एक सकाळी, एक दुपारी. पायाचं माप तेच. धाकट्याने ते बर्फाचे बूट पायात चढवले, उभा राहिला, आणि चेहरा उजळला.

"दादा! काय रुळलेत रे! तिथे नवे बूट महिनाभर चावतात. माझ्यासाठी एवढी वर्षं घालून मऊ केलेस?"

बूटवाल्याने वाकून बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"अहो, सांगा की," बायको म्हणाली.

"काय सांगायचं? मापाचेच आहेत त्याच्या." मग हळूच, "आणि माझं?"

"तुझं काय?"

"यायचं."

धाकटा मनापासून हसला. वाईटपणा नव्हता त्यात, हेच वाईट. "तुला ती थंडी सोसायची नाही रे ह्या वयात. आपलं इथलंच बरं. ओळखीची माणसं, समुद्र. मजा आहे तुझी!"

बूटवाल्याने बुटांना मेण लावलं, कापडात गुंडाळले आणि टॅक्सीपर्यंत स्वतः नेऊन दिले.

त्यानंतरचा रविवार समुद्राकाठ कोरडा गेला. न्हावी मला म्हणाला, "वितळला वाटतं सगळा बर्फ." आणि स्वतःच हसला.

मी शहर सोडायच्या आदल्या दिवशी पुन्हा धप धप ऐकू आली. नवे बूट, आधीच्यापेक्षा मोठे, करकर वाजणारे. तो लंगडत होता.

"हे कुणाचे?"

"धाकट्याच्या मेहुण्याचे. ते बूट पाहून भाळला म्हणे. असेच रुळवून पाठव म्हणाला. पाय मोठा आहे त्याचा, तीन मोजे घालावे लागतात."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"त्याचं तिथे बुटांचं दुकान आहे, ताई. एकदा त्याच्या पायात माझा बूट गेला की तोच म्हणेल, कारागिराला बोलवा."

"शुद्ध गाढवपणा आहे हा," मी म्हणाले.

"गाढवाला बूट लागत नाहीत, ताई," तो म्हणाला आणि दीपगृहाकडे वळला.

मी चप्पल न्यायला दुकानात गेले. ती कोपऱ्यात तशीच तुटकी पडली होती. उचलली आणि पिशवीत टाकली. एवढ्यात तो परतला. बूट उतरवले, तर मोजे टाचेपाशी लाल झाले होते. बायको दारात कोमट पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती.

"आलात?" ती म्हणाली. "ठेवा ह्यात मेहुण्याचे पाय."