नामपूरहून परत येताना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत शेकडो मैल सायकल हाणली त्या दोस्तांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — यातही भित्रेपणाच आहे, माहीत आहे मला.

आधी सायकलबद्दल बोलू द्या. त्यावर मी तासभर बोलू शकतो, आणि तेवढाच वेळ दुसरं बोलणं टळतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशकात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. प्रभाकर साळवे सातपूरला कारखान्यात फिटर. रोज सकाळी त्र्यंबक रोडला आम्ही एकमेकांना ओलांडून जायचो — म्हणजे तो मला ओलांडायचा — आणि एक दिवस तो थांबून म्हणाला, "तुमची सीट दोन बोटं वर घ्या, गुडघे जातील." तेव्हापासून जोडी जमली. चामड्याच्या सीटला एरंडेल चोळून ती मऊ कशी करायची, डोळे मिटून पंक्चर कसं काढायचं, घाटात दम कुठे राखायचा, सगळं त्याने शिकवलं. कॅरिअरला वाळूची पिशवी बांधून आम्ही पेठच्या घाटात चढायचो. वर पोचलो की गूळ-शेंगदाणे खायचे आणि उगाच हसत बसायचं. इतका चांगला मित्र मला आधी नव्हता. नंतरही मिळाला नाही.

तो बौद्ध, मी मराठा. आमच्यात हा विषय कधी निघाला नाही. कशाला निघेल? — असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणायचो.

पंचवटीत अण्णांचं सायकलचं दुकान होतं. संध्याकाळी तिथे आमचा अड्डा. तिथेच ठरलं, चौघांनी सायकलवर दिल्ली गाठायची. अण्णांनी अट घातली : पूर्ण सामान लादून नामपूरला जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. ज्याला जमेल तो दिल्लीला. दोघा-दोघांनी जायचं आणि येऊन खरं काय ते सांगायचं. अण्णांचा आमच्या शब्दावर विश्वास होता. त्या माणसाला काय कल्पना?

वाटेतले मुक्काम ओळखीपाळखीच्या घरी. अक्षर चांगलं म्हणून पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. कोण कोण येणार त्यांची नावं, कुठल्या दिवशी पोचू, अंगणात झोपायची सोय झाली तरी पुरे, असा मजकूर. पहिलं कार्ड नामपूरच्या मावशीला लिहिलं. तिच्याकडे स्वयंपाकघरात पंगत बसायची. प्रभाकरच्या नावापाशी आलो आणि पेन थांबलं. मग मी लिहिलं — प्रभाकर शिंदे.

मावशीला मी विचारलं होतं का? नाही. कदाचित ती काहीच बोलली नसती, ते मला आता कधीच कळणार नाही. एकदा हात धजावला, मग पुढची सगळी कार्डंही तशीच लिहिली. इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, सगळीकडे शिंदे. मनात म्हटलं, त्याचीच सोय बघतोय. खोटं. सोय माझी होती. आमच्या नातेवाइकांत माझ्याबद्दल कुजबूज व्हायला नको होती, एवढंच.

ऐन वैशाखात आम्ही दोघं निघालो. वणी, कळवण, सटाणा करत दिवस मावळायच्या आत नामपूरला पोचलो. मावशीने पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडले. प्रभाकर दमला होता, खूश होता, पहिला घास त्याने तोंडात घातला होता — आणि मावशी वाढता वाढता म्हणाली, "शिंदे भाऊ, आखो एक भाकर ल्या. लाजू नका."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वरणात मीठ घालायला लागलो. वरणात मीठ होतं. त्याने भाकरी घेतली, ताटातलं सगळं संपवलं, मावशीला "छान झालं होतं" म्हणाला. तिच्या घरात त्याने माझं खोटं माझ्यासाठी निभावून नेलं.

परत येताना समोरून वारा. वैशाखातला पश्चिमेचा वारा किती हट्टी असतो, ते सायकलवाल्यालाच माहीत. कळवणच्या पुढे माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी रस्त्याकडेला बसलो आणि म्हणालो, तू जा. त्याने माझी पिशवी सोडून स्वतःच्या कॅरिअरला बांधली आणि म्हणाला, "माझ्या चाकामागे राहा. मान वर काढू नको." तिथून थेट नाशिकपर्यंत वारा त्याने छातीवर घेतला. त्याच्या आडोशाला मी पायडल मारत राहिलो. पाठीला चिकटलेला त्याचा शर्ट, तेवढंच मला दिसत होतं.

मधे वणीला उसाचा रस प्यायला थांबलो, तेव्हा त्याने तो विषय पहिल्यांदा काढला. "दिल्लीपर्यंतच्या सगळ्या पत्रांत मी शिंदेच आहे का?"

मी म्हणालो, "अरे, सोयीसाठी..."

"साळवे लिही. जिथे नको म्हणतील तिथे मी एसटी स्टँडवर झोपेन, नाहीतर शाळेत झोपेन. पण शिंदे होऊन मी दिल्लीला येणार नाही."

मी म्हणालो, लिहितो. आजच लिहितो.

बारा कार्डं होती. बारा कार्डं लिहायला किती वेळ लागतो? एका बैठकीत झाली असती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांच्या दुकानात गेलो. प्रभाकरला दुसरी पाळी होती. अण्णांनी विचारलं, कसं झालं? आणि मी — इथवर येईपर्यंत किती वळसे घेतले बघा — मी सांगितलं, "साळवेचं काही खरं नाही अण्णा. कळवणच्या पुढे बसलाच तो. त्याचं सामान मी घेतलं, वाऱ्यात त्याला मागे घालून आणलं, म्हणून पोचला."

जे त्याने माझ्यासाठी केलं होतं, ते सगळं उलटं करून सांगितलं. नवीन काही रचायचेही कष्ट घेतले नाहीत.

दोन दिवसांनी प्रभाकर दुकानात आला. पोरांनी त्याची टर उडवली. अण्णा समजुतीने म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्याने माझ्याकडे पाहिलं, नामपूरला पाहिलं होतं तसंच. त्याला खरं सांगता आलं असतं. पण मग शिंदेचंही सांगावं लागलं असतं, त्या नावाने जेवल्याचंही, तेही त्या हसणाऱ्या पोरांसमोर. हे त्याला जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यावरच तर मी विसंबलो होतो. तो एवढंच म्हणाला, "हो अण्णा. नाही झेपलं."

आम्ही दिल्लीला जाऊन आलो. त्याच्या जागी दुसरा आला. हार पडले, फोटो निघाले. प्रभाकरने लांबचं चालवणं सोडलं. सायकलवर कारखान्यात जायचा आणि यायचा, बस. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा. पुढची आठ वर्षं मी रोज ठरवायचो, आज बोलतो. रोज. एकदाही बोललो नाही.

मग कावीळ झाली आणि तो पंधरा दिवसांत गेला. ऐंशीचं दशक संपायचं होतं अजून. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या कॉलनीत गेलो. सगळ्यांच्या मागे बसलो होतो. त्याची बायको चहा घेऊन माझ्यापर्यंत आली. आमची आधी कधी भेट झाली नव्हती, कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं असावं. ती म्हणाली, "भाऊजी, नामपूरहून येताना यांचा दम संपला, तेव्हा तुम्हीच सांभाळून आणलं ना? मी विचारलं होतं, सायकल का सोडली, तेव्हा सांगितलं होतं यांनी. तुमचे उपकार आहेत."

ती उत्तराची वाट बघत उभी होती. मी कप हातात घेतला आणि म्हणालो, "हो."