शेवटचा दोन पुढे येतो

दोन वर्षं गणिताला शिक्षक नाही, आणि साहेब मला तोंडावर म्हणतात, "शिक्षक देऊन करू काय? तुमच्या पोरींना पाढे तरी येतात का?"

आमच्या वस्तीतल्या शाळेत नववीला शिक्षक द्या, एवढंच मागायला मी शिक्षण कार्यालयात गेले होते. चपला आपटत जिना उतरले आणि तिथेच ठरवलं, पत्रक काढायचं. पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते. पण या वेळी नुसत्या घोषणा नको होत्या. मला हवा होता एक आकडा: १०५२६३१५७८९४७३६८४२.

याची दुप्पट करा. शेवटचा दोन उठतो आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो, बाकीची रांग जशीच्या तशी! २१०५२६३१५७८९४७३६८४. दुपटीत असं वागणारा याहून लहान आकडाच नाही. मधोमध तोडून दोन्ही तुकडे मिळवा, तर नऊच्या नऊ जागी नऊ! हे पहिल्यांदा मी बसमध्ये तिकिटामागे करून पाहिलं, तर माझा स्टॉपच निघून गेला.

नववीच्या मुलींना एका दुपारी दाखवलं. त्यांनी फळा भरून टाकला. मग मी लकडगंजातल्या छापखान्यातून पत्रक छापून आणलं, 'साहेब, हा आकडा आमच्या मुलींना विचारा!', आणि पाच जणींना घेऊन त्याच साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले.

साहेबांच्या मोबाइलला अठरा अंक पेलवेनात. त्यांनी पेन काढलं, पत्रकात सांगितल्याप्रमाणे तिथेच आकडा मधून तोडला आणि बेरीज केली. ९९९९७२९९९.

"मॅडम, हे बहात्तर कुठून आले?"

कारकून फिसकन हसला. घोषणा मी तीनतीनदा तपासल्या होत्या. आकडा एकदाही नाही!

"आधी तुम्ही शिका," साहेब म्हणाले. "मग पोरींचं पाहू."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक मुलगी पुढे झाली.

"थांब वं ताई. मले करू दे."

तिनं उजवीकडून सुरुवात केली. या आकड्यात प्रत्येक अंक उजवीकडच्या अंकाची दुप्पट असतो, हातचा धरून. "दोन. दोनाचे चार. चाराचे आठ. आठाचे सोळा, सहा लिवले, हातचा एक..." ती न थांबता डावीकडे सरकत गेली. "एकाचे दोन अन् हातचा एक, तीन. सर, इथं तीन पायजे, सहा छापलेत. अन् बाजूले सहा पायजे, तिथं तीन. अदलाबदल झाली. ताईनं पाह्यलंच नाही!"

साहेबांनी अंक दुरुस्त केले आणि गुमान स्वतः दुप्पट करायला बसले. आम्ही सगळ्या टेबलावर वाकलो. दोन पुढे येऊन बसला.

"अरे!" साहेब म्हणाले.

"बेरीज करा सर, बेरीज!" कारकून खुर्ची ओढत आला. नऊ, नऊ, नऊ... मुली मोठ्यानं मोजू लागल्या, त्यांच्यात मीही!

"पाढे येतात, सर," ती मुलगी म्हणाली. "बीजगणित येत नाही. ते सांगाले कोणीच नाही."

साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं: शेजारच्या शाळेतले गणिताचे शिक्षक, सोमवारपासून, आठवड्यातून तीन दिवस. खाली सही केली. आनंदानं मी आभार मानायला लागले.

मुलगी मात्र कागद शेवटपर्यंत वाचत होती.

"अन् बाकीचे तीन दिवस, सर?"